तीन वर्षांचा विजरई

आफोन्सो मेशिया हे काही गाजलेले नाव नव्हे. १५२४ मध्ये वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याच्याबरोबर हा राजाच्या महसुलाचा मुख्य अधिकारी म्हणून आला. आशियातल्या पोर्तुगीज मुलखाच्या जमाखर्चावर नजर ठेवणे हे त्याचे काम. पण १५२६ या एकाच साली दोन कागद त्याच्या हातून गेले. पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडचा मुलूख कसा चालवला या प्रश्नात शिरायला ते दोन्ही फार उपयोगी आहेत.

पहिला कागद मोहोरबंद होता. गव्हर्नर मुदतीतच वारला तर पुढे कोण, हे राजा आधीच बंद लखोट्यांत लिहून पाठवत असे. पहिला लखोटा फोडायचा, त्यातला माणूस हयात किंवा हजर नसेल तर दुसरा. १५२६ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर एन्रिक द मेनेझिस वारला. लखोट्यातून पेरो मास्करेन्हस याचे नाव निघाले आणि तो होता मलाक्क्यात. वारे फिरल्याशिवाय त्याला येता येणे शक्य नव्हते. तोवर काम पाहायला पुढच्या लखोट्यातल्या लोपो वाझ द सांपायोला बसवले. मग त्या वर्षीच्या जहाजांतून नवे लखोटे आले. मेशियाने ते फोडले आणि त्यांत सांपायोचे नाव आधी निघाले. १५२७ मध्ये मास्करेन्हस कोचीनला पोचला, तर मेशियाने त्याला मारून पिटाळले. पुढे त्याच्या पायांत बेड्याही पडल्या. लवाद नेमून निकाल सांपायोच्या बाजूने लावून घेतला गेला. दोन वर्षांनी नवा गव्हर्नर नुनो द कुन्हा आला आणि त्याने सांपायोलाच कैद करून लिस्बनला पाठवले. राजाने घोटाळा टाळण्यासाठी काढलेल्या युक्तीने राज्यात दोन तट पाडले होते.

दुसरा कागद त्याच वर्षी १६ सप्टेंबरचा. तिसवाडीतल्या गावांची वहिवाट मेशियाने चौकशी करून कलमवार लिहून काढली. गावकर कोण, खंड किती, वारसा कसा, कुलकर्ण्याचे काम काय, मान कोणाचा आधी. याला फोराल म्हणतात. मास्करेन्हस-सांपायोचे भांडण आज फक्त इतिहासकारांना ठाऊक आहे. फोरालने मान्य केलेली गावकरी, म्हणजे गावकरांची संस्था, मात्र कोमुनिदाद या नावाने गोव्यात अजून आहे.

पोर्तुगीज साम्राज्याच्या कारभाराबद्दल गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे लिहिले गेले, ते साधारणपणे या दोन कागदांपैकी एकाच्या बाजूने लिहिले गेले आहे. एका बाजूला समुद्र, जहाजे, किल्ले, लाचखाऊ कप्तान आणि दूरचा हतबल राजा. दुसऱ्या बाजूला गाव, जमीन, चर्च आणि धर्मांतर. पहिल्या बाजूचे अभ्यासक हे राज्य कमकुवत होते असे सांगतात. दुसऱ्या बाजूचे सांगतात की ते माणसाच्या घरात, देवघरात आणि लग्नात हात घालण्याइतके जबरदस्त होते. दोघांचे पुरावे पक्के आहेत. माझ्या मते दोघे दोन वेगळ्या राज्यांबद्दल बोलत आहेत. ती एकाच नावाखाली, एकाच विजरईच्या सहीने चालत होती, एवढेच.

विजरई हा आपल्या जुन्या मराठी कागदांतला शब्द आहे आणि 'व्हाइसरॉय'पेक्षा तोच इथे शोभतो. पहिला विजरई फ्रान्सिस्को द आल्मेदा १५०५ मध्ये आला, तेव्हा राखायला मुलूख असा जवळजवळ नव्हताच. आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपपासून पूर्वेकडे जे काही पोर्तुगीजांच्या हाती असेल किंवा पुढे येईल, त्या सगळ्याला मिळून 'एस्तादो द इंडिया' म्हणायचे ठरले. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मुझ घेतले, आणि या नावाला अंग आले. राजधानी आधी कोचीनला होती, १५३० मध्ये ती गोव्यात आली. तिथून मोझांबिक, होर्मुझ, श्रीलंकेतला किनारा, मलाक्का, मकाव अशा एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या ठाण्यांवर हुकूम सुटत. त्या वेळी खुद्द पोर्तुगालची लोकसंख्या दहा ते पंधरा लाखांच्या घरात होती. इतक्या माणसांत एवढा पसारा 'जिंकून' राखता येत नाही, हे गणित लिस्बनमध्येही कळत होते.

सगळ्यात मोठी अडचण वाऱ्याची होती. जहाजे लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याला लागत. परतीची निघत डिसेंबर-जानेवारीत, पोचत पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस. म्हणजे विजरईने जानेवारी १६०१ मध्ये एखादी परवानगी मागितली, तर ते पत्र त्या वर्षीच्या ऑगस्टच्या सुमारास दरबारात पोचणार, उत्तर मार्च १६०२ मध्ये निघणार आणि गोव्यात ते वाचले जाणार पाऊस सरल्यावर. एका प्रश्नोत्तराला पावणेदोन वर्षे. विजरईची मुदत साधारण तीन वर्षांची. आल्या आल्या विचारले तर जाण्याच्या आत फार तर एका गोष्टीचा निकाल त्याच्या कानी येई. जहाजे बुडत, शत्रूच्या हाती पडत, म्हणून एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांतून रवाना होत. हा पत्रव्यवहार वर्षवार बांधून ठेवलेल्या पोथ्यांना 'मोसमाची पुस्तके' म्हणतात. पणजीच्या दप्तरखान्यात त्या रांगेने उभ्या आहेत, काही पुढे लिस्बनला नेल्या गेल्या. त्या चाळताना पत्रांचा सूर पटकन ध्यानात येतो: राजा दोन वर्षांपूर्वीच्या तक्रारीवर रागावलेला असतो, आणि विजरई उत्तर देतो ते आपल्या आधीच्या माणसाच्या चुकीबद्दल.

मग राजाने काय केले? त्याने कोणावरच विश्वास ठेवला नाही. आणि ही नुसती वृत्ती नव्हती, ती कारभाराची रीत होती. विजरईच्या जोडीला राज्यसभा दिली. पैशांसाठी वेगळा अधिकारी दिला. १५४४ मध्ये गोव्यात उच्च न्यायालय बसवले; ब्राझीलला तसे न्यायालय १६०९ मध्ये मिळाले, यावरून लिस्बनचे लक्ष तेव्हा कुठे होते ते कळते. आर्चबिशपला स्वतंत्र कान होता आणि तोही थेट राजाला लिही. मुदत संपली की अधिकाऱ्याच्या कारभाराची चौकशी होई. १५९५ मध्ये गोव्यात दप्तरखानाही उघडला आणि त्यावर दियोगो द कोतो या जुन्या सैनिकाला नेमले. प्रत्येकाने दुसऱ्याबद्दल लिहावे आणि राजाने सगळ्यांचे वाचावे, असा बेत. मेशियाच्या वेळचे लखोटेही याच बेताचा भाग: गव्हर्नरलासुद्धा आपला वारस ठाऊक असता कामा नये.

हे सगळे कागदावर चोख दिसते. प्रत्यक्षात काय व्हायचे ते कोतोनेच एका जुन्या शिपायाच्या संवादरूपाने लिहून ठेवले आहे. त्या पुस्तकाचे नाव 'सोल्दादो प्राक्तिको', म्हणजे मुरलेला शिपाई. त्यातला सूर असा की मधल्या मध्ये हात मारल्याशिवाय कोणी राहतच नाही: पगार लिहिले जातात ते मेलेल्या शिपायांच्या नावे, दारूगोळा विकला जातो, आणि खरा शिपाई पावसाळ्यात कोणा सरदाराच्या पंगतीला बसून पोट भरतो. दप्तरखान्याचा प्रमुखच हे सांगत असल्यामुळे ते फार हसण्यावारी नेता येत नाही.

यामागचे कारण मात्र नुसता लोभ हे नाही. होर्मुझ, मलाक्का, मोझांबिक अशा ठाण्यांची कप्तानी ही नोकरी नव्हती, ते बक्षीस होते. कुणी मोरोक्कोत लढला, कुणाचा बाप दीवच्या वेढ्यात पडला, त्याला राजा एखाद्या ठाण्याची तीन वर्षे लिहून देई. एकाच जागेसाठी अशी अनेकांची रांग लागे. कधी कधी नंबर येईपर्यंत माणूस म्हातारा होई आणि हक्क मुलाकडे जाई, किंवा तो मुलीच्या हुंड्यात लागे. पोर्तुगालहून राजाच्या आश्रयाने येणाऱ्या पोरक्या मुलींना तर हुंडा म्हणून पद दिले जाई. तिच्याशी लग्न करील तो त्या जागेचा मालक. पुढे डच आले, खर्च वाढला, आणि १७व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सरकारने जागांचा उघड लिलावच मांडला. ज्याने दाम मोजून तीन वर्षे घेतली, तो त्या तीन वर्षांत ते वसूल करणार. नील्स स्टेन्सगार्ड या डॅनिश इतिहासकाराने यावरूनच म्हटले की इथे भ्रष्टाचार हा कारभारातला दोष नव्हता, तो कारभाराच्या रचनेतच होता. वाक्य जरा झोंबणारे आहे, पण त्याला पुरावा भरपूर आहे.

समुद्रावरच्या वसुलीची रीतही तशीच. पोर्तुगीजांनी जाहीर केले की आमच्या कार्ताजशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, कोणी जहाज हाकायचे नाही. परवान्यात जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, हत्यारे किती, कोणता माल न्यायचा नाही (मिरी त्यात पहिली), आणि कोणत्या पोर्तुगीज बंदराला लागून जकात भरायची हे लिहिलेले असे. मुघल आणि आदिलशाही जहाजांनासुद्धा हे परवाने घ्यावे लागत. परवान्याची किंमत फार नव्हती. खरा पैसा होता तो जकातीत, आणि त्याहून मोठा परवाना नसलेले जहाज पकडण्यात. १६१३ मध्ये सुरतेजवळ 'रहिमी' हे जहांगीरच्या आईचे जहाज पोर्तुगीजांनी परवाना असूनही धरले, तेव्हा हे सारे उलटले. बादशहाने दमणला वेढा घालायला फौज पाठवली, चर्चे बंद केली, आणि इंग्रजांकडे त्याचा कल झुकला. गोव्यातल्या कोणी तरी एकाने घेतलेल्या निर्णयाची किंमत अख्ख्या एस्तादोने मोजली. लिस्बनला ती बातमी पोचेपर्यंत सगळे होऊनही गेले होते.

असे असताना ही ठाणी टिकली कशी? चार्ल्स बॉक्सर यांचे उत्तर आजही बव्हंशी मानले जाते: नगरसभा आणि मिझेरिकॉर्दिया. विजरई तीन वर्षांनी जाई, पण गोव्यात लग्न करून राहिलेले पोर्तुगीज जात नसत. अल्बुकर्कने शिपायांना स्थानिक बायकांशी लग्ने करायला लावली. त्यांतून जो 'काझादू', म्हणजे घर मांडलेल्यांचा वर्ग झाला, त्याने शहर हाती घेतले. गोव्याच्या नगरसभेला लिस्बनच्याच नगरसभेचे हक्क होते. तिची निवड पाहण्यासारखी असे. पात्र माणसांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून त्या मेणाच्या गोळ्यांत घालायच्या, पेटीत ठेवायच्या आणि वर्षारंभी एका लहान मुलाने हात घालून एकेक गोळा काढायचा. कारागिरांचे प्रतिनिधीही सभेत बसत. बाजारभाव, रस्ते, पाणी, तटबंदीसाठीचा कर हे सगळे सभेकडे. आणि विजरई आवडला नाही तर त्याच्या डोक्यावरून थेट राजाला पत्र लिहायचा अधिकारही. मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था, पण तिचे एक काम कारभाराला जीवनदान देणारे होते. इकडे मेलेल्याची मालमत्ता ती हिशेबाने पोर्तुगालातल्या वारसांपर्यंत पोचवी. ज्या राज्यात खजिन्यावर कोणाचा विश्वास नाही, तिथे लोक आपला पैसा विश्वासाने ठेवत ते इथे.

मकावमध्ये तर पहिली कित्येक वर्षे नगरसभा हेच सरकार होते. गोव्याने नेमलेला कायमचा गव्हर्नर १६२३ मध्ये आला, आणि तोवर व्यापाऱ्यांनी चिनी अधिकाऱ्यांना जमिनीचे भाडे भरून, त्यांची मर्जी सांभाळून वस्ती चालवली होती. नागपट्टणम, हुगळी, मैलापूर इथल्या पोर्तुगीज वस्त्यांवर विजरईचा हुकूम कधी चाले, कधी नाही. ब्राझीलची गोष्ट अगदी निराळी: तिथे १५३४ मध्ये किनारा पट्ट्यापट्ट्यांनी सरदारांना वाटून दिला, तो प्रयोग फसल्यावर १५४९ मध्ये गव्हर्नर-जनरल नेमला. सगळीकडे एकच साचा पाठवला असे लिस्बनने कधी केले नाही. जिथे जे चालले ते ठेवले.

गोव्यात चालले ते गावकऱ्यांचे. फोराल वाचताना वाटते की मेशियाला दुसरा मार्गच नव्हता. आदिलशाहीकडून घेतलेल्या बेटात जमीन कोणाची, बांध कोण राखतो, खाजणात खारे पाणी शिरू न देण्याचा खर्च कोण करतो, हे सगळे गावच्या वहीत आणि गावकरांच्या तोंडी होते. तिसवाडीची तीस गावे, त्यांतल्या आठ मुख्य गावांचे गावकर जमून महालाचे प्रश्न सोडवत. राज्याने म्हटले: ठरलेला खंड गावाने एकत्र भरा, आतला हिशेब तुमचा. गावकरीत निर्णय सर्वांच्या संमतीने व्हायचा. एकानेही नकार दिला तर काम अडे. फोरालमधले ताळगावाबद्दलचे कलम मला सगळ्यात बोलके वाटते. नव्या भाताची पहिली कापणी करण्याचा मान ताळगावच्या गावकरांचा. आता त्यांनी कणसांची पेंढी मोठ्या चर्चच्या वेदीवर वाहायची, आणि सरकारी कोठीने त्यांच्या गळ्यात पासोड्या घालून त्यांचा मान राखायचा. देव बदलला, मानकरी तेच. पासोडीचा खर्च पोर्तुगालच्या राजाच्या नावे. ताळगावात कणसांचा सण ऑगस्टमध्ये अजून होतो.

शहरातल्या वसुलीतही हेच. तिमोजा आणि मल्हारराव या हिंदू मक्तेदारांपासून अल्बुकर्कने गोव्याचा महसूल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. पुढे कृष्ण नावाचा मुख्य ठाणेदार तर लिस्बनला जाऊन आला. मसाला, कापड, दारू, सुपारी, अफू यांच्या वसुलीचे मक्ते लिलावाने जात, आणि १७व्या शतकात ते घेणारे बहुतेक हिंदू असत, त्यांत सारस्वत आणि वाणी पुढे. मायकेल पिअर्सन यांनी हे आकड्यांनिशी दाखवले. १५५७ मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस्को बार्रेतोने ब्राह्मणांना सरकारी कामे आणि मक्ते देऊ नयेत असा हुकूम काढला. त्यानंतर तसे हुकूम पुन्हा पुन्हा निघत राहिले. एकच हुकूम सारखा काढावा लागतो याचा अर्थ तो पाळला जात नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. शेजारच्या दरबारांत बोलणी करायलाही सारस्वत वकील आणि दुभाषीच लागत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातून या वकिलांवर एक पुस्तकच उभे केले. त्यांचेच 'पोर्तुगेज-मराठे संबंध' वाचणाऱ्या मराठी वाचकाने त्या पुस्तकाकडेही वळावे; तहांवर सह्या कोणी केल्या यापेक्षा ते घडवून कोणी आणले हे त्यात दिसते.

उत्तरेकडे, आपल्या फिरंगाणात, रीत वेगळी होती. बहादुरशहाकडून १५३४ मध्ये वसई मिळाली, त्याआधीपासून चौल होतेच, पुढे १५५९ मध्ये दमण आले. या सुपीक पट्ट्यात गावे गावकऱ्यांकडे न ठेवता पोर्तुगीज घराण्यांना खंडाने दिली गेली, बहुधा तीन पिढ्यांच्या मुदतीने, घोडा आणि हत्यार बाळगण्याच्या अटीवर. वैद्य आणि वनस्पतींचा जाणकार गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबई बेट अशाच खंडाने होते. १५५४ मध्ये सिमाओ बोतेल्हो या महसूल अधिकाऱ्याने एस्तादोच्या साऱ्या उत्पन्नाची वही तयार केली, त्यात मुंबई-माहीमपासूनच्या वसुल्या लिहिल्या आहेत. जुन्या मुंबईचा अभ्यास करणाऱ्यांना ती अजून लागते.

मुंबईच्याच प्रकरणात राजाचा हुकूम आणि मुलखातली माणसे यांची गाठ कशी पडे ते स्पष्ट दिसते. २३ जून १६६१ च्या तहाने मुंबई बेट ब्रागांझाच्या कॅथरिनच्या हुंड्यात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला गेले. १६६२ च्या सप्टेंबरात इंग्रज आरमार ताबा घ्यायला आले, तर विजरई आंतोनियो द मेलो द कास्त्रोने कागदपत्रांच्या चुका काढून त्यांना टोलवले. इंग्रज सैन्य कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरले आणि तिथल्या हवेत बहुतेक शिपाई आणि त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमनही मेले. दोन वर्षांहून अधिक काळ विजरई राजाला लिहीत राहिला की इंग्रज मुंबईत बसले तर आपले हिंदुस्थान गेलेच समजा. शेवटी १६६५ च्या फेब्रुवारीत नाइलाजाने ताबा दिला. तोही फक्त बेटाचा, साष्टीचा नाही. ताबा देण्याचे काम झाले ते त्या वेळच्या मुंबईच्या खंडमालकीण इनेझ द मिरांदा हिच्या घरात. विजरईच्या अंदाजाबद्दल इतिहासाने त्याला पूर्ण गुण दिले, पण कारभाराच्या दृष्टीने बघायचे ते वेगळेच: राजाने स्वतःच्या बहिणीच्या लग्नात कबूल केलेली गोष्टदेखील इथे जवळजवळ अडीच वर्षे अडवता आली.

इथवर वाचून कोणाला वाटेल की हे राज्य म्हणजे नुसता सोयीचा मामला होता. गोव्यातल्या सासष्टी आणि बार्देशच्या लोकांना विचारले असते तर त्यांनी निराळे सांगितले असते. हे दोन महाल १५४३ मध्ये एस्तादोत आले, आणि तिथे राज्य गावच्या वहीवर थांबले नाही. तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली होती, इकडली १५६० नंतरच्या दशकात. १५५९ च्या एका कायद्याने बाप नसलेली हिंदू मुले जेझुइटांच्या हवाली करायची ठरले. वाद निघाला तो या शब्दांवर, की आई, आजोबा, काका हयात असले तरी मूल पोरके धरायचे का. आणि अंमल करणाऱ्यांनी तसेच धरले. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर लिहिताना असे कायदे एकामागोमाग मांडले आहेत: लग्नाची वाजंत्री, मुंज, जानवे, होम. १५६० मध्ये बसलेले हे धर्मन्यायालय मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालू होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले, तेव्हा सूडही कारभाराच्या पद्धतीने उगवला. बोलणी करू म्हणून बोलावलेल्या गावप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात ठार केले, आणि मग गावकऱ्यांचे जमिनीवरचे हक्कच काढून गावे एका पोर्तुगीज सरदाराला दिली. फोरालने जे मान्य केले होते तेच शिक्षा म्हणून हिसकावले.

हे कसे जमले? जे राज्य आपल्या कप्तानाकडून हिशेब घेऊ शकत नव्हते, ते कुंकळ्ळीच्या कुळाच्या मुंजीवर नजर कशी ठेवू शकले? मला वाटते याचे उत्तर माणसांच्या मुदतीत आहे. विजरई तीन वर्षांनी जाई, कप्तान तीन वर्षांनी बदले, पण पाद्री येई तो बहुधा मरेपर्यंत राही. तो कोंकणी शिके. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे बहुतेक सासष्टीत होता. त्याच्या मराठी 'ख्रिस्तपुराणा'मागे ही चाळीस वर्षे आहेत. चर्चच्या वहीत गावातला प्रत्येक जन्म आणि लग्न चढे. तेओतोनियो द सौझा यांनी गोव्याच्या खेड्यांच्या हिशेबांतून दाखवले की चर्चचा खर्च हळूहळू गावकरीच्याच उत्पन्नावर कसा टाकला गेला. आंजेला बार्रेतो शावियेर यांनी धर्मांतर हेच राज्य रुजवण्याचे साधन कसे झाले ते मांडले. राज्याला जो दीर्घ हात नव्हता तो मिशनांनी दिला, आणि त्याचा पैसाही गावाकडूनच घेतला. संजय सुब्रह्मण्यम यांच्यासारखे समुद्राकडून बघणारे इतिहासकार या भागावरून लवकर पुढे जातात. त्यांच्या पुस्तकांत जहाजे आणि घराणी जिवंत होतात, बार्देशचे कूळ होत नाही.

राज्य आणि चर्च किती मिसळले होते हे १६८३ मध्ये दिसले. संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्याला धडक दिली तेव्हा विजरई काउंट ऑफ आल्व्होर याच्याजवळ फौज अपुरी होती. तो जुन्या गोव्यातल्या बों जेझुश चर्चमध्ये गेला, फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली, आणि आपला अधिकारदंड, राजाची सनद आणि राज्य तुझ्या हवाली केले असे लिहिलेला कागद संताच्या हाताशी ठेवला. मराठी फौज मुघलांच्या चालीमुळे मागे फिरली. गोव्यात श्रेय संताला मिळाले. पुढच्याच वर्षी याच विजरईने तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोला असा हुकूम काढला. संकट टळलेल्या माणसाचा उत्साह, दुसरे काय. कोंकणीला काही झाले नाही.

एस्तादो उतरणीला लागले ते मात्र कारभारामुळे कमी, डचांमुळे अधिक. १६२२ मध्ये होर्मुझ (तिथे इंग्रज आणि इराणी), १६४१ मध्ये मलाक्का, १६५६ मध्ये कोलंबो, १६६३ मध्ये कोचीन. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तरेचा सुपीक पट्टा गेला, १७४० मध्ये चौलही सुटले. खंडाने गावे धरून बसलेल्या घराण्यांपैकी पुष्कळ जणांना आपल्या गावांचे कागद घेऊन गोव्याला यावे लागले. किल्ला राखायला कबूल केलेला घोडा आणि हत्यार त्यांच्यातल्या किती जणांनी प्रत्यक्ष ठेवले होते, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. १७५२ मध्ये मोझांबिक गोव्यापासून वेगळे झाले. विजरईचा एस्तादो आता जवळजवळ गोवा-दमण-दीवपुरता उरला.

आणि मग मार्क्विस द पोंबालच्या काळात लिस्बनने पहिल्यांदा खरोखर कारभार हाती घ्यायचे ठरवले. १७५९ मध्ये जेझुइटांना हाकलले. १७६१ मध्ये ख्रिस्ती देशी प्रजेला पोर्तुगीजांच्या बरोबरीने मानायचे ठरले. १७७४ मध्ये धर्मन्यायालय बंद केले, ते पोंबाल जाताच, चार वर्षांनी पुन्हा उघडले. याच सुमारास फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण असे महाल एकामागून एक गोव्याला जोडले गेले. या नव्या मुलखात पोर्तुगीजांनी सासष्टीचा धडा गिरवला नाही. देवळांना हात लावणार नाही, रूढी पाळू, देसाई आणि राणे यांचे मान राखू, असे लिहून दिले.

१५६० च्या दशकात कुशस्थळीहून मंगेशाला रातोरात खाडीपार आदिलशाही मुलखात, प्रियोळला हलवले होते. १७६३ मध्ये फोंडा महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आला, म्हणजे ज्या राज्याला टाळायला देव हलवला तेच राज्य दोनशे वर्षांनी त्याच्या दारात येऊन उभे राहिले. त्याने देवळाला धक्का लावला नाही. १८८६ मध्ये त्याने देवस्थानांच्या महाजनांसाठी एक नियमावली काढली: महाजन कोण, सभा कशी घ्यायची, जमाखर्च कसा ठेवायचा आणि तो कोणाला दाखवायचा. १९३३ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली, आणि गोव्यातली देवस्थाने आजही तिच्याच कलमांनी चालतात.